कुटुंब बदला

बारामतीजवळच्या आमच्या जळोचीच्या घरातला जुना राऊटर गेल्या हिवाळ्यात गेला. 'गेला' हा शब्द मी हल्ली जपून वापरतो. पण दुरुस्तीला आलेल्या माणसाने तो डबा कानाशी धरून हलवला, उलटा केला, जरासा हुंगला आणि हाच शब्द उच्चारला.

"गेला ह्यो, सर."

"फार त्रास झाला का?" मी विचारलं.

त्याने हातातला डबा खाली ठेवला. माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी लोक काय विचारतात ते इतक्यांदा ऐकलं होतं, की जिभेवरच बसलं होतं. तो माणूस भला असावा. म्हणाला, "न्हाय न्हाय, लाईट आली-गेली त्यात झटक्यात गेला असंल."

त्याने नवा राऊटर भिंतीला लावला. चार शिंगं वर केलेला, उताणा पडलेल्या झुरळासारखा. "आता घरातल्या समद्या वस्तूंना नवा पासवर्ड घाला," असं सांगून तो निघून गेला. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आहे. पुस्तकाला पासवर्ड लागत नाही, ते उघडतं. तरीही संध्याकाळपर्यंत मी फोनला घातला, टीव्हीला घातला. मग टीव्हीवर मालिका-चित्रपटांचं ते अॅप लावलं, तर पडद्यावर प्रश्न आला: "नवीन इंटरनेट सापडले. तुमचे कुटुंब इथेच राहते का?"

अॅपची भाषा बायकोने मराठी करून ठेवली होती. मी त्या रिकाम्या खोलीत बसून प्रश्नाचा बराच वेळ विचार केला. उत्तराला दोनच बटणं होती, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' म्हणणं खरं होतं, पण बरं वाटेना. मी 'हो' दाबलं.

पुढचं सगळं त्या 'हो'मुळे झालं.

इथे नरसिंहपूरच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. नरसिंहपूर ही माझी सासुरवाडी. तिथे माझ्या सासूबाई आणि माझा मेहुणा राहतात. त्या भागाच्या रीतीप्रमाणे मी सासूबाईंना मामी म्हणतो, त्या मला जावयबापू, आणि मेहुण्याचा मी दाजी. त्या घरातला टीव्ही माझ्या बायकोने आईला घेऊन दिलेला. त्यावर अॅपही तिनेच सुरू करून दिलं होतं, आमच्याच खात्यावर, तिच्या नावाच्या चौकटीत. त्या चौकटीवर एक पिवळा हसरा चेहरा आहे. रोज दिवे लागले की ती जळोचीत आणि आई नरसिंहपुरात एकच मालिका एकाच वेळी लावायच्या, मधे फोन चालू ठेवायच्या आणि दोघी मिळून त्या मालिकेतल्या बायकांना शिव्या द्यायच्या. मी शेजारच्या खोलीत वाचत असे आणि दार लोटून घेत असे.

ती गेल्यावर महिना-दीड महिना काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी मी सहज टीव्ही लावला, तर तिच्या पिवळ्या चौकटीत मालिका पुढे सरकलेली. कुठवर पाहिलं ते दाखवणारी लाल रेघ असते, ती आदल्या दिवशी होती त्याहून लांब झालेली. मी उठून खोलीतला दिवा लावला. मग लक्षात आलं, मामी बघतायत.

तेव्हापासून ती रेघ बघणं हे माझं रोजचं काम झालं. रेघ पुढे गेली म्हणजे नरसिंहपुरात सगळं ठीक आहे. अर्ध्यावर थांबली तर मामींचं डोकं दुखतंय किंवा पाहुणे आलेत. आम्ही दोघंही फोनवर बोलणारी माणसं नव्हेत. पण रेघ पोचली की मी तोच भाग माझ्या नावाच्या चौकटीत लावून बघत असे, म्हणजे कधी फोन झालाच तर विषय असावा. नायिकेची सासू कित्येक भाग बेशुद्ध होती, आणि त्या बेशुद्धीत तिची टिकली एकदाही हलली नव्हती. मी हे सगळं लक्ष देऊन बघत होतो. ग्रंथालयात कुणाला कळलं असतं तर माझी काय किंमत राहिली असती!

नव्या राऊटरला मी 'हो' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी रेघ हलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, तेव्हा मी माझ्या चौकटीत एकटाच पुढचे भाग बघून टाकले. चौथ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला.

"पावणं, बोलू का?"

मेहुण्याने मला कधी पाव्हणं म्हटलेलं नाही. मला वाटलं, मामींना काही झालं.

"मामी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायत. पावणं, तुमी शिकल्यालं माणूस. तुमाला जे ठरवायचं ते ठरवा. पर आदी आमाला बोलायचं, येवढंच."

"काय ठरवलं मी?"

"आता मी कशाला तोंडानं बोलू? टीव्हीवर आलंय की समदं."

"टीव्हीवर? कुठल्या बातम्यांत?"

"बातम्यांत न्हाय, आपल्या टीव्हीवर. आईनं सोता वाचलं. चार दिस झालं, तेच येतंय."

मी त्याला म्हटलं, जे आलंय ते शब्दन् शब्द वाच. त्याने फोन बहुधा टीव्हीसमोर नेला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं: "हा टीव्ही तुमच्या कुटुंबाचा नाही. कुटुंब बदला."

मला अजूनही काही उमगेना. तेवढ्यात मामींनी फोन हातात घेतला.

"मला काय बी म्हणायचं न्हाय, जावयबापू. एकटं माणूस किती दिस ऱ्हाणार? कोण हाय, कुठली हाय, मी इचारत न्हाय. पर ह्यो टीव्ही माझ्या लेकीनं दिलाय. ह्यो तुमच्या कुटुंबाचा न्हाय, असं का लिवलं? मग कुणाच्या कुटुंबाचा हाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या पुस्तकी मराठीत कुटुंब म्हणजे घरातली सगळी माणसं. पण मामींच्या बोलीत कुटुंब म्हणजे बायको. माझे सासरे हयातभर कुणालाही मामींची ओळख "हे आमचं कुटुंब" अशीच करून देत. म्हणजे त्या टीव्हीने चार दिवस लागोपाठ मामींच्या तोंडावर सांगितलं होतं की हा तुझ्या जावयाच्या बायकोचा टीव्ही नाही. आणि खाली, ठळक बटणात, जावयाला बायको बदलायची सोय करून दिली होती.

"मामी, कुटुंब म्हणजे इथं घरातली सगळी माणसं," मी म्हणालो.

"बायकू न्हाय त्यात?"

"आहे. म्हणजे होती. म्हणजे त्या अर्थाने नाही."

"बगा तुमीच."

"मामी, ते बटण दाबू नका."

"मी कशाला दाबू? दाबायचं ते तुमी दाबलंय."

हे अगदी खरं होतं.

संशयाला दुसरंही एक कारण होतं, ते नंतर मेहुण्याने सांगितलं. दिवाळीत इंदापूरच्या एका लांबच्या नातेवाइकांनी माझ्यापुढे एक स्थळ मांडलं होतं. मी "बघू" म्हणालो होतो. माझ्यासारख्या भिडस्त माणसाच्या तोंडी "बघू" म्हणजे नाही. पण त्यांनी ते शब्दशः घेतलं आणि "पोरगा बघायला तयार झालाय" असं नरसिंहपुरापर्यंत पोचवलं. मामी महिनाभर गप्प होत्या. मग टीव्हीनेच छापून दिलं.

त्या संध्याकाळी मला एकच दिसत होतं. ही लाल रेघ थांबली तर मामींचं आणि माझं काहीच उरणार नाही. मूलबाळ आम्हाला नव्हतं. लेक गेल्यावर जावई कोण लागतो, याला आपल्याकडे उत्तर नाही. सणाला एक फोन, मग तोही नाही, मग कुणाच्या तरी लग्नात लांबून नमस्कार. मी पुष्कळ घरांत असं होताना पाहिलं आहे.

मी अॅपवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. फार गोड बोलणारी एक मुलगी होती.

"सर, आपण एकाच छताखाली राहता का?"

"कोण?"

"आपण आणि टीव्ही."

"एका टीव्हीबरोबर राहतो. दुसरा नरसिंहपूरला आहे."

"तो तिथे फिरायला गेला आहे का, सर?"

मला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण नाही. घराबाहेर असलेल्या टीव्हीसाठी त्यांच्याकडे 'मी प्रवासात आहे' अशी एक सोय असते, आणि माझ्या बायकोने तो टीव्ही पहिल्यापासून प्रवासातच दाखवलेला होता. अधूनमधून तिच्या फोनवर एक कोड येई, ती तो आईला वाचून दाखवी, आणि टीव्हीचा प्रवास पुढे चालू. ती गेल्यावर तो कोड मी मेहुण्याला वाचून दाखवत होतो. त्यासाठी म्हणून तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो.

"मग आताही कोड पाठवा," मी म्हणालो.

"सर, आपण नवीन इंटरनेटवर कुटुंबाची नोंद नव्याने केली ना, त्यामुळे आता कोड मिळणार नाही. आणि खरं सांगू का सर, या टीव्हीचा प्रवास फार झाला. त्याला एकदा घरी आणा. घरच्या वायफायला जोडला की होईल. नंतरही मधूनमधून आणत जा."

"मधूनमधून?"

"महिन्यातून एखाद्या वेळी, सर. घरचाच आहे ना?"

मी मेहुण्याला निरोप दिला. तो ऊस पिकवणारा माणूस, उपाय हाताने करायचा असेल तर त्याला पटतो. "मंग त्यात काय, घालतो जीपमधी," म्हणाला. मग दबक्या आवाजात, "दाजी, त्यापरीस त्याची भाषा विंग्रजी केली तर? आईला कळणारच न्हाय काय लिवलंय."

मला पुन्हा दाजी म्हटलेलं ऐकून इतकं बरं वाटलं, की ही सूचना मी काही वेळ खरंच विचारात घेतली.

रविवारी जीप दारात थांबली. टीव्ही मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून उभा बसवलेला, आणि त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर म्हणावं अशा ठिकाणी हात टाकून, मामी. लेक गेल्यापासून मामी जळोचीला आल्या नव्हत्या. टीव्ही एकटा पाठवायला त्यांनी नकार दिला होता. मेहुण्याने उतरल्या उतरल्या तक्रार केली की वालचंदनगरला चहाला थांबलो, तर हॉटेलवाला जीपमधे वाकून म्हणाला, पेशंट हाय का? आणि आई म्हणाली, व्हय, बारामतीला दावायला चाललोय.

"मग काय सांगू? टीव्ही दुसरेपणावर आलाय म्हणून?" मामी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मेहुण्याने टीव्ही उचलला आणि तो उंबऱ्याशी आला, तसा मामींनी आडवा हात घातला.

"थांब. असाच नगो आत नेऊस. जावयबापू, भाकरतुकडा आणा."

आमच्या बाजूला माणूस बऱ्याच दिवसांनी किंवा पहिल्यांदाच घरात आला की भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात.

"टीव्हीला, मामी?"

"घरातला न्हाय म्हणतोय न्हवं त्यो? मंग रीतीनं घ्या की घरात."

"आई, जड हाय," मेहुणा म्हणाला.

"तुला कोण जड हाय का म्हणून इचारलं?"

मी स्वयंपाकघरात गेलो. एकट्या माणसाच्या घरात रविवारी सकाळी भाकरी कुठली? पोळीवाल्या बाईंची सुट्टी. डब्यात खारी होती. मी खारी घेऊन आलो. मामींनी खारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हा असा काय खाऊन राहतोय, असं काहीतरी त्या नजरेत होतं. पण रीत ती रीत. त्यांनी खारी टीव्हीवरून तीनदा ओवाळली. तिचा भुगा मेहुण्याच्या डोक्यावर आणि गोधडीवर पडला. पाणी घालायला त्या तांब्या उचलणार, इतक्यात आम्ही दोघं एकदमच ओरडलो, मेहुण्याचा आवाज वर.

"पाणी न्हाय, आई! करंट बसंल!"

"बरं, बरं. पाणी ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या आणि तांब्यातलं पाणी मेहुण्याच्या पायावर ओतलं.

टीव्ही जेवणाच्या टेबलावर ठेवला. आता पासवर्ड. तो राऊटरच्या पोटावरच्या चिठ्ठीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी स्टुलावर चढून चष्मा कपाळावर सारून वाचायचा आणि मेहुण्याने रिमोटने एकेक अक्षर शोधायचं.

"मोठा के."

"मोठा म्हंजी किती मोठा?"

"कॅपिटल. मग आठ. मग एल."

"एल का एक?"

"एल. किंवा एक. दोन्ही सारखेच दिसतायत."

"दाजी, तुमी लायब्रीत हाय न्हवं?"

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लिहिताना मेहुण्याच्या हातून शेवटी नको तेच बटण दाबलं गेलं आणि सगळं पुसलं. मामी खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "त्ये आपल्या लेकीनं काय सोपं ठिवलं व्हतं. मला पाठ व्हतं." जुना पासवर्ड त्यांच्या गावाचं नाव आणि पुढे 'आई' असा होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी तोच वापरत होतो, पण तो ती स्वतः टाकून देई. मी कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या वेळी जमलं. अॅप उघडलं. पडदा थोडा काळा राहिला आणि मग अक्षरं आली: "हा टीव्ही तुमच्या कुटुंबात घ्यायचा का?" खाली 'हो' आणि 'नंतर'.

मेहुणा बटण दाबणार होता. मामींनी रिमोट त्याच्याकडून काढून घेतला. त्यांनी ते वाक्य ओठ हलवत दोनदा वाचलं.

"खरं सांगा जावयबापू. इंदापूरच्या स्थळाचं काय?"

"काही नाही, मामी. मी बघू म्हणालो होतो."

"बगणार हाय का?"

"नाही."

"मंग न्हाय म्हणायचं. बगू काय? बगू म्हणतंय का कुणी!" मग त्यांनी पदर सारखा केला. रिमोट मांडीवर. "आन उद्या केलंच दुसरं, तर करा. मी काय आडवी येणार न्हाय. माणसाला खारी खाऊन कुठवर जगता येतं. पर माझ्या लेकीचं ते पिवळं त्वांड काढायचं न्हाय. मी माझी शिरेल तिच्याच नावानं बगणार. नवीन येईल तिला आदी सांगून ठिवायचं."

"कुणी येणार नाही, मामी. आणि आली तरी काढणार नाही."

"आलीच तर तिला दुसरा रंग द्या. हिरवा-बिरवा."

"देतो."

"घ्यू मग?"

"घ्या."

त्यांनी 'हो' दाबलं. अंगठ्याने, पूर्ण जोर लावून, दाराची कडी लावावी तसं. पडद्यावर एक गोल फिरायला लागलं. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत राहिलो. मेहुण्याच्या केसांत खारीचा भुगा अजून होता. मग गोल थांबलं आणि चौकटी आल्या. पिवळा चेहरा पहिलाच होता, आणि त्यात मालिका, जिथे रेघ थांबली होती तिथून.

"लागली," मामी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

मेहुणा म्हणाला, "आई, झालं की. आता सोडवून नेऊ, घरी जाऊन बग."

"भाग संपू दे. इतकं दिस झालं, ती सासू सुदीवर आली का न्हाय म्हाईत न्हाय मला."

"नाही आलेली," माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी बगता?" मामींनी विचारलं.

"मधूनमधून."

"दाजी!" मेहुणा म्हणाला. त्याला जितका आनंद त्या क्षणी झाला तितका उसाच्या बिलाचा पहिला हप्ता आल्यावरही झाला नसेल.

मामी हसल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची हाताने जराशी सरकवली. मी बसलो. भाग सुरू झाला. सासू पलंगावर होती, टिकली जागच्या जागी. वहिनी खिडकीत उभी राहून कारस्थान करत होती.

"बग बग भवानीला," मामी पडद्याला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "हिला आमची लेक काय म्हणायची, ठावं हाय?"

"दार लोटलेलं असायचं. ऐकू आलं नाही कधी."

मामींनी सांगितलं. तो शब्द इथे लिहिता येणार नाही. एवढंच लिहितो, की माझी बायको घरात अत्यंत सोज्वळ बोलत असे आणि मला पहिल्यांदा पुरतं हसू यायला पाच-सहा सेकंद लागले. मग थांबेना. चष्मा काढावा लागला. मामी पदर तोंडावर धरून हलत होत्या. मेहुणा म्हणाला, "आईऽ, मलाबी सांग की," आणि आम्ही दोघांनी त्याला सांगितलं नाही.

एकाचे तीन भाग झाले. जेवायला मामींनी पिठलं टाकलं आणि भाकरी केल्या. माझ्या घरात ज्वारीचं पीठ निघालं, ते कुणी कधी आणून ठेवलं होतं कुणास ठाऊक. चार वाजून गेल्यावर मेहुण्याने टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि जीपमधे बसवला. टीव्ही परत नरसिंहपुरात गेल्यावर चालेल का याची मला खात्री नव्हती. मी ती मदत केंद्राची सगळी अट मामींना नीट समजावून सांगितली. महिन्यातून एखादी खेप, घरच्या वायफायला. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी दर म्हयन्याला आणायचा हितं."

"हो. त्रास आहे खरा. मी दुसरा काही उपाय बघतो."

"पुन्ना बगू?" मामी म्हणाल्या.

"नाही. आणा."

"मी आणतो की, आई," मेहुणा म्हणाला. "तुला कशाला हेलपाटा? मागच्या सीटवर बसवला का दोन तासांत येतोय."

मामी जीपमधे चढून टीव्हीच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी गोधडी त्याच्यावर नीट ओढली.

"एकट्याला ह्याला कसं धाडायचं?"

"एकटा कुठं? मी हाय की."

"तू गाडी चालीव," मामी म्हणाल्या.